ट्रॉलीच्या रिंगचं वेल्डिंग पुन्हा पुन्हा का सुटतं

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं, की ४५ एचपीचा ट्रॅक्टर, मागं दोन चाकी ट्रॉली, सीझनला ऊस आणि ऊस संपला की खडी, शेणखत, मिळेल ते. दांडीच्या टोकाच्या रिंगचं (जी पिननं ट्रॅक्टरच्या हूकला अडकते) भोक लांबट झालंय, पिन महिन्याभरात केळ्यासारखी वाकते, ब्रेक मारला की पाठीत गुद्दा बसतो, आणि गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून रिंग दोनदा भरून घेतली ती दोन्ही वेळा सुटली. आता तिसऱ्यांदा भरू का नवीन रिंग टाकू, हा तुमचा सवाल.

माझं काम ट्रॉल्या बनवायचं आणि दुरुस्त करायचं, सांगली जिल्ह्यात, वीस-बावीस वर्षं झाली. दसरा ते दिवाळी आमच्याकडं जेवायला वेळ नसतो कारण सगळ्यांना कारखाना सुरू व्हायच्या आधल्या आठवड्यातच ट्रॉली आठवते. तर अनुभवावरून सांगतो, रिंग भरायची का बदलायची हे नंतर बघू, आधी भोक लांबट का झालं ते बघा, नाहीतर नवीन रिंग पण पुढच्या गळिताला अशीच होणार. ती दोनदा सुटली यात वेल्डिंगवाल्याचा दोष थोडा असेल पण सगळा नाही.

आधी जोर किती येतो ते डोळ्यासमोर आणा. समजा ऊस ८ टन आणि ट्रॉलीचं स्वतःचं २ टन, झाले १० टन. ताशी २० किलोमीटरनं चाललाय म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. पुढं म्हैस आडवी आली आणि तुम्ही दोन सेकंदात थांबलात, तर ट्रॉलीला ब्रेक नसल्यामुळं ती सगळी ट्रॅक्टरच्या अंगावर येते आणि पिनवर जवळजवळ पावणेतीन टनाचा दाब पडतो. हे सगळं घट्ट बसलेलं असेल तर. भोकात १० मिमी मोकळीक असली की ट्रॉली आधी तेवढं अंतर मोकळी पळते आणि मग आदळते. दाब देणं वेगळं आणि घण मारणं वेगळं, तुम्हाला पाठीत बसतो तो हाच घण. आणि एका खेपेत गिअर, ब्रेक, खड्डे, स्पीडब्रेकर धरून असे शंभर-दोनशे घण बसतात, एकदा पुढून एकदा मागून. म्हणून भोक गोल न झिजता लांबट होतं, आणि जेवढं लांबट तेवढा पुढचा घण मोठा. सुरुवातीला दोन मिमी झिजायला वर्ष लागतं आणि पुढचे पाच मिमी दोन महिन्यात जातात ते यामुळंच.

आता पिन. तुम्ही लिहिलंय की पिन "लोखंडाचीच आहे, जाड आहे". कसली आहे ते लिहिलं नाही, पण माझ्याकडं येणाऱ्या दहा ट्रॉल्यांपैकी चार-पाचात तरी बांधकामाच्या सळईचा तुकडा नाहीतर मिळेल तो जुना बोल्ट असतो. सळईला बाहेरून आडव्या कड्या असतात, त्या कानशीसारखं काम करतात आणि भोक खातात. बोल्ट घातला असेल तर त्याचे आटे नेमके रिंगच्या जागी येतात का बघा, आट्याच्या खाचेतूनच तो तुटतो आणि आटे पण कानशीच. पिन गुळगुळीत पाहिजे, ईएन ८ च्या (साध्या लोखंडापेक्षा मजबूत पोलाद) गोल बारमधून लेथवर काढलेली, वरती डोकं किंवा हँडल, खाली क्लिपसाठी आडवं भोक. भार जास्त असेल तर ईएन १९, ते त्याहून मजबूत. एक गोष्ट करू नका, लोहाराकडून पिन लाल करून पाणी पाजून आणू नका. ती वाकणार नाही हे खरं, पण एखाद्या थंडीच्या पहाटे काचेसारखी दोन तुकडे होईल. वाकलेली पिन निदान सांगून जाते.

पण पिन वाकते याचं अजून एक कारण आहे आणि माझ्या मते तुमच्याकडं तेच मोठं आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या हूकला वर एक प्लेट आणि खाली एक प्लेट असते, मधल्या तोंडात आपली रिंग जाते. तोंड ७० मिमी आणि रिंग ३० मिमी जाड असेल तर पिन दोन टोकाला धरलेली आणि मधोमध ओढलेली अशी होते, विळीवर काठी मोडतो तशी. तोंड जेवढं मोठं तेवढी पिन लवकर वाकणार, मग ती कितीही जाड करा. म्हणून मोजा. रिंगच्या वरखाली मिळून १५-२० मिमी मोकळं असलं तर ठीक, त्यापेक्षा जास्त असेल तर हूकच्या खालच्या प्लेटवर आतून एक जाड प्लेट, भोक पाडून, वेल्ड करून घ्या म्हणजे तोंड कमी होईल. मात्र हौसेनं सगळी फट वायसरी घालून बंद करू नका. खडखड जाते म्हणून लोक करतात, पण ट्रॉलीचं एक चाक बांधावर चढलं की दांडी पिळवटते, तिला हलायला जागा नसली तर तोच पीळ हूकच्या बोल्टात आणि तिथून ट्रॅक्टरच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे मागच्या मोठ्या कवचात, जातो. खडखड परवडली पण हाउसिंगला तडा परवडत नाही.

बोल्टचा विषय निघालाय तर इथंच सांगतो, कारण हे कुणी बघत नाही. हूकचं ब्रॅकेट ट्रॅक्टरच्या मागच्या हाउसिंगला ज्या बोल्टांनी बसवलंय ते आधी पाना लावून बघा. एखादा ढिला असेल तर त्याच्या भोवती गंजाची लालसर भुकटी दिसते, किंवा ऑइल पाझरून धूळ चिकटलेली दिसते. ढिला झालेला बोल्ट नुसता आवळून भागत नाही, तो एकदा ताणला गेलेला असतो. सगळे एकदम बदला, डोक्यावर ८.८ लिहिलेले हायटेन (जास्त ताण सोसणारे), साधे नकोत, आणि स्प्रिंग वायसरवर भरवसा न ठेवता एक दिवस काम करून परत आवळा. हाउसिंग बिडाचं असतं, त्यातले आटे एकदा गेले की मग लेथवाला, हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी), पूर्ण मागचा भाग उघडा, असं शुक्लकाष्ठ मागं लागतं. पिन आणि बुश (भोकात बसवायची लोखंडी नळी) मिळून डिझेलच्या एका टाकीपेक्षा स्वस्त पडतात, हाउसिंग कितीला पडतं ते कुठल्याही मिस्त्रीला विचारा.

आता रिंगकडं येऊ. भरायची का बदलायची हे रिंग कसली आहे त्यावर आहे. दोन प्रकार दिसतात. एक जाड प्लेटची, म्हणजे चपटी, त्यात भोक पाडलेलं. दुसरी गोल बार वळवून किंवा घडवून केलेली, कडीसारखी. कडीसारखी असेल आणि झिजून बारीक झाली असेल तर माझं उत्तर सरळ आहे, बदला. मूळ जाडीच्या दहावा हिस्सा गेला की मी ती ठेवत नाही, ३० मिमीची २७ झाली की भंगारात. तिच्यावर वेल्डिंगचे थर चढवून परत गोल करता येतं, दिसतं पण छान, पण घडवलेल्या लोखंडात वेल्डिंगच्या कडेला जो कडक पट्टा तयार होतो तिथून ती जाते. तुमची सुटली ती बघा, टाका (वेल्डिंगची शिवण) मधोमध तुटला नसणार, टाक्याला लागून शेजारी तुटलं असणार. बरोबर ना?

चपटी प्लेटची असेल तर भरू नका, बुश मारा. भोक भरून परत पाडायचं यात दोन वाईट गोष्टी होतात, भरलेलं लोखंड एकसारखं नसतं त्यामुळं ड्रिल एका बाजूला पळतं, आणि सगळ्या प्लेटला एवढी उष्णता लागते की ती वाकडी होते. त्यापेक्षा लांबट झालेलं भोक बोअर करून गोल आणि मोठं करा, समजा ४५ मिमी, आणि त्यात ईएन ८ चा बुश दाबून बसवा, आतून पिनपेक्षा एक-दीड मिमी मोठा. बुश प्रेसनं कसून बसला पाहिजे, हातानं जाणारा नको, आणि कडेला तीन-चार ठिकाणी बारीक टाका, पूर्ण गोल वेल्डिंग नको. मग पुढच्या वेळी बुश झिजला की ग्राइंडरनं टाके उडवायचे, बुश काढायचा, नवा बसवायचा, प्लेट जशीच्या तशी राहते. एक अट आहे. बोअर केल्यावर भोकाच्या कडेपासून प्लेटच्या कडेपर्यंत निदान पिनच्या व्यासाएवढं लोखंड शिल्लक राहिलं पाहिजे. राहत नसेल तर बुशचा नाद सोडा, ते टोकच कापून नवीन लावा. हूकच्या दोन प्लेटांची भोकं पण लांबट झाली असतीलच, त्यांना पण बुश करता येतो, पण दोन्हीत एका सरळ रेषेत बोअर झालं पाहिजे नाहीतर पिन तिरकी बसते, म्हणून हूक खोलून लेथवाल्याकडं न्या, जाग्यावर हँड ड्रिलनं करू नका.

वेल्डिंग करायचंच असेल तर कसं, हे जरा सविस्तर लिहितो, कारण इथंच सगळी बोंब आहे.

साधा ६०१३ नंबरचा वेल्डिंग रॉड गेट-ग्रिलला ठीक आहे. दांडीच्या टोकाला ७०१८ पाहिजे, आणि तो कोरडा पाहिजे. पावसाळाभर उघड्या पुड्यात पडलेला रॉड दमट होतो, ती ओल जळून हायड्रोजन होतो आणि टाक्यात शिरतो, वेल्डिंग झाल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, आतल्या आत बारीक तडा जातो. संध्याकाळी बघाल तर चकाचक. म्हणून रॉड भट्टीत तापवून वापरणारा वेल्डर शोधा. जिथं टाका मारायचा तिथलं ग्रीस, रंग, गंज ग्राइंडरनं पूर्ण काढा, ग्रीसवर मारलेला टाका जाळीदार होतो. आणि रिंग जर ईएन ८ सारख्या कडक लोखंडाची असेल तर आधी गॅसनं शेकून घ्या, हाताला जवळ नेववणार नाही एवढी म्हणजे दीडशे-दोनशे डिग्री, आणि नंतर राखेत नाहीतर कोरड्या वाळूत पुरून हळूहळू गार होऊ द्या. कितीतरी जण टाका मारला की बादलीभर पाणी ओततात, घाई असते म्हणून. ते केलं की शेकल्याचा सगळा उपयोग शून्य.

लोखंड कसलं आहे ते ओळखायची सोपी युक्ती म्हणजे ग्राइंडर टेकवून ठिणग्या बघा. साध्या एमएसच्या (माइल्ड स्टील, कमी कार्बनचं लोखंड) ठिणग्या लांब, सरळ, टोकाला एखादा फाटा. कार्बन जास्त असेल तर ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात. यावरून आठवलं, तुमच्या वेल्डिंगवाल्यानं दांडीला आधार म्हणून कमानपाट्याचा तुकडा तर जोडला नाही ना? "पाटा लय मजबूत असतो" म्हणून आमच्याकडं सर्रास करतात. पाटा मजबूत आहेच, पण पाटा म्हणून. त्याच्यात कार्बन इतका असतो की साध्या पद्धतीनं वेल्ड केला की टाक्याच्या कडेला तो ठिसूळ होतो, आणि त्याच्याबरोबर दांडीच्या चॅनलला पण तडा जातो. जोडला असेल तर काढून टाका, साधी १२ मिमी एमएस प्लेट लावा.

आधाराची प्लेट लावताना मी स्वतः एक चूक केलीय ती सांगतो. नवीन होतो तेव्हा एका गड्याची दांडी तडकून आली, मी तडा भरला आणि वरून चौकोनी प्लेट ठेवून चारी बाजूंनी मस्त टाका मारला, जड काम केलं म्हणून मलाच बरं वाटलं. पंधरा दिवसांत तो परत आला, दांडी प्लेटच्या बरोबर कडेला, टाक्याच्या रेषेत, चिरली होती. चौकोनी प्लेटची आडवी कड म्हणजे दांडीवर मारलेली आडवी खूण, भार तिथं अडकतो आणि तिथूनच फाटतं. तेव्हापासून आधाराची प्लेट मी पतंगासारखी कापतो, दोन्ही टोकं निमुळती, आणि टाका लांबीच्या बाजूनं मारतो, टोकाला आडवा मारत नाही. तडा असेल तर तो नुसता वरून भरायचा नाही, दोन्ही टोकाला पाच-सहा मिमीचं भोक पाडायचं म्हणजे तो पुढं पळत नाही, मग ग्राइंडरनं व्ही आकारात खोल खोदायचा आणि तळापासून भरत यायचं.

तडा दिसत नसेल तर घरच्या घरी बघता येतं. दांडी, रिंगचा बुडखा, टाक्यांच्या कडा स्वच्छ करा, रॉकेल मिळालं तर रॉकेल नाहीतर डिझेल लावा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, कोरड्या फडक्यानं घट्ट पुसा आणि वरून खडूची पूड चोळा. तडा असेल तर आतलं तेल पाझरून खडूवर काळपट रेघ उमटते. सीझनच्या आधी आणि मध्ये एकदा करा. बाजारात यासाठी लाल रंगाचे स्प्रे मिळतात, ते जास्त चांगले, पण खडूनं पण काम भागतं.

आणि हो, वेल्डिंग करताना ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडा. सोडायची नसेल तर निदान बॅटरीच्या केबल काढा. अर्थिंगचा क्लॅम्प टाक्याच्या अगदी जवळ दांडीवरच लावा, चाकाला किंवा ट्रॅक्टरला नको, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो आणि चार महिन्यांनी बेअरिंग का ओरडतंय ते कळत नाही.

तर आत्तापर्यंत काय झालं, पिन लेथवरची, हूकचं तोंड जुळतं, बोल्ट नवे, भोकात बुश, तडे तपासले. आता भाराबद्दल, कारण यातलं काही तुमच्या गड्याच्या हातात आहे.

दोन चाकी ट्रॉलीत ऊस कुठं रचला यावर रिंगचं आयुष्य ठरतं. दांडीवर थोडा भार पाहिजेच, त्यानं ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना पकड येते. पण सगळी मोळी पुढं रचली की हूक खाली दबतो, ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग लोण्यासारखं वाटायला लागतं, आणि चढाला ते धोक्याचं. उलट मागं जास्त रचलं की दांडी वर उचलायला बघते, रिंग पिनला वर ढकलते आणि सगळा जोर त्या एका क्लिपवर. म्हणून पिन नेहमी वरून खाली घालायची आणि क्लिप खाली. खालून वर घातलेली पिन क्लिप पडली की दुसऱ्या खड्ड्यात रस्त्यावर. क्लिप म्हणून तार, खिळा, सुतळी, सगळं बघितलंय मी, कृपा करून चांगल्या दोन-चार क्लिपा घेऊन टूलबॉक्समध्ये टाकून ठेवा.

भरलेली ट्रॉली सपाट जागेवर उभी करून बाजूनं बघा. दांडी जमिनीला साधारण समांतर पाहिजे. तिरकी असेल तर पिन रिंगच्या भोकात कडेवर टेकते आणि एकाच बाजूनं झिजते. तुमचं भोक वरच्या कडेला जास्त खाल्लं गेलंय का खालच्या, ते बघितलं तरी कळेल. हूकची उंची बदलायची सोय असते बऱ्याच ट्रॅक्टरना, ती वापरा. पण ट्रॉली कधीच मागच्या ॲक्सलच्या वरच्या जागेला लावू नका, टॉपलिंकच्या (अवजार धरायच्या वरच्या दांड्याच्या) जागी तर अजिबात नाही. ओढ वरून लागली आणि ट्रॉली रुतली की ट्रॅक्टर पुढून उठतो आणि मागं ड्रायव्हरच्या अंगावर पडतो, आणि हे होताना क्लच दाबायला पण वेळ मिळत नाही.

सेफ्टी चेन लावा असं सांगितलं की लोक हसतात. दोन साखळ्या, दांडीच्या खाली एकमेकीला छेद देऊन, वळताना ताणणार नाहीत एवढ्याच ढिल्या, आणि ट्रॅक्टरकडं त्या हूकच्या पिनलाच अडकवायच्या नाहीत, वेगळ्या जागी. पिनलाच अडकवली तर पिन गेल्यावर साखळी पण गेली, मग ती लावून काय उपयोग. छेद दिल्यामुळं दांडी सुटली तरी त्या झोळीत पडते, रस्त्यात रुतून ट्रॉली पलटी होत नाही. डबल ट्रॉली ओढत असाल तर दोन्ही ट्रॉल्यांच्या मधल्या जोडाला पण हेच सगळं लागू, तिथं तर ड्रायव्हरला मागचं दिसत पण नाही.

ग्रीसबद्दल मतं वेगळी आहेत. काहीजण म्हणतात ग्रीस लावलं की माती चिकटून जास्त झिजतं. ते खरं आहे, जर जुन्या ग्रीसवर नवीन थापत गेलात तर. उसाच्या रानातली माती आणि ग्रीस मिळून व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं होतं. मी सांगतो आठवड्यातून एकदा पिन काढा, पिन आणि बुश डिझेलच्या फडक्यानं पुसा, पातळ ग्रीस लावा, बास. कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत तास-दोन तास जातातच, ट्रॉली खाली झाल्यावर परत निघायच्या आधी पाच मिनिटं यासाठी काढा. भरलेल्या ट्रॉलीची पिन काढायची नाही हे सांगायला नको, आणि खाली असली तरी दांडीखाली स्टँड आणि चाकांना दगड लावल्याशिवाय नाही. दांडी पायावर पडलेली माणसं मी बघितलीत. पिन काढलीच आहे तर तिच्यावर नख फिरवा, नखाला खाच लागली की व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावा, ३० ची २७ झाली की नवीन.

रिंग फिरती असेल, म्हणजे मागं शेपटी आणि नट असलेली, तर त्या नटची स्प्लिट पिन आणि शेपटीचे आटे वर्षातून एकदा खोलून बघा, बाहेरून काही कळत नाही. पण तसली रिंग बसवायला जमत असेल तर जरूर बसवा, ट्रॉली कलली तर ट्रॅक्टरला सोबत घेऊन जात नाही.

तुमच्या बाबतीत नक्की काय करायचं ते रिंग बघितल्याशिवाय मी ठामपणे सांगणार नाही. रिंगचा वरून एक फोटो, जिथं सुटलं त्या तुटलेल्या भागाचा जवळून एक, आणि हूकचा बाजूनं एक टाका, पट्टी धरून म्हणजे माप कळेल. तुटलेल्या जागी काही भाग जुना गंजका आणि काही भाग नवा चमकणारा दिसतोय का ते पण बघून लिहा, गंजका भाग जास्त असेल तर तडा आधीपासूनच होता. आणि तोवर ती ट्रॉली भरू नका, ऊसतोडीची टोळी कितीही थांबलेली असली तरी.